चार ते पाचचा पास

मामंजी व्हेंटिलेटरवर गेले त्याच्या तिसऱ्या दिवसापासून ते रोज दुपारी चार ते पाच घरी येत, आमचं काही ठरलं का ते विचारायला.

हॉस्पिटलची हरकत नव्हती. श्वासाची पेटी बॅटरीवर तासभर चालते, म्हणून पास तासाभराचा. त्यावर घरच्या कुणीतरी सही करायची: "रुग्णास पाच वाजता परत आणून पोचवीन." ती मी करायचे. मी धाकटी सून, नवरा गेलेली, अकरा वर्षं मामंजींचं पथ्यपाणी सांभाळणारी. पासाला सून चालत होती. नळी काढायच्या फॉर्मला मात्र रक्ताचं माणूस हवं; म्हणजे माझे थोरले दीर जनार्दनभावजी, नाहीतर नणंद इंदूवन्सं. दोघांपैकी कुणाचीही एक सही पुरे होती.

एक! आणि तीच मिळेना.

मामंजी रिक्षातून उतरत. काखेत पेटी, तोंडात नळी. ओटीवर चपला काढून आपल्या खुर्चीत बसत. नळीमुळे बोलता येत नसे, म्हणून पाटीवर लिहीत. रोज एकच वाक्य: "मला जाऊ द्या." अक्षर सुरेख, जन्मभर शाळेत फळ्यावर लिहिलेलं.

"बाबांना काही कळत नाही हो," पाटी वाचून इंदूवन्सं म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले ना, शुद्ध नाही."

"हात आपोआप चालतो," भावजी म्हणाले.

या दोघांची थोरवी सांगते. माझ्या लग्नपत्रिकेत नाव दुसऱ्या ओळीत गेलं म्हणून भावजी मांडवात जेवले नव्हते. ओटीतला नारळ लहान निघाला म्हणून वन्सं सहा महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. मानासाठी जीव टाकणारी माणसं! आता ऐका.

"दादा, थोरला तू. पहिला मान तुझा."

"छे छे, लेकीचा मान आधी. बाबांची लाडकी तूच."

"मी पडले परक्या घरची. आमच्या ह्यांना विचारावं लागेल."

"मग जावयांचाच मान!"

जावयांनी फोनवर कळवलं, बैठकीचं रीतसर आमंत्रण नव्हतं, तेव्हा ते यात पडणार नाहीत. मग दोन दिवस आमंत्रणाचा मजकूर ठरवण्यात गेले.

मामंजींनी वाक्याखाली दोन रेघा ओढल्या. खडूची भुकटी चिवड्यात पडते म्हणून वन्संनी पाटी बाजूला सारली.

"अहो, माणूस समोर बसून हात जोडतोय!" मी ओरडले. मेला संताप संताप झाला जिवाचा.

"तू मध्ये बोलू नकोस," भावजी म्हणाले. "उद्या लोक म्हणतील, पोरानंच बापाची नळी काढली. तुझं काय जातंय? तुझी सही चालत नाही."

ते खरंच होतं. चालत नव्हती.

सतराव्या दिवशी पावणेपाचला मामंजींनी पाटी पुसली. पहिल्यांदाच नवं लिहिलं: "पासावर सही कुणाची?"

"माझी," मी म्हटलं.

"चालते?" त्यांनी खाली लिहिलं.

"चालते."

त्यांनी मान डोलावली आणि लिहिलं, "परत जायचं नाही."

ते शांत होते. पाचला दारात रिक्षाचा हॉर्न वाजला. "आज नको," मी रिक्षावाल्याला सांगितलं, आणि मामंजींच्या चपला ओटीवरून उचलून आत फळीवर ठेवल्या. पेटीचा हिरवा दिवा लाल झाला. मामंजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला रडू फुटलं. ते कुणी बघितलं नाही, कारण तेव्हा बाबांनी लहानपणी कुणाला जास्त मारलं यावरून दोघांची जुंपली होती.

थोड्या वेळानं लाल दिवाही गेला. मी मामंजींचा हात मांडीवर नीट ठेवला, त्यांचे डोळे मिटले आणि सगळ्यांना चहा केला. "साखर कमी," भावजी म्हणाले.

सव्वासहाला दोघं दमले. भावजींनी कप खाली ठेवला.

"मघापासून आपणच बोलतोय," ते म्हणाले. "मला वाटतं, एकदा बाबांनाही विचारावं."

वन्संना ते पटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दोघांनी आपापल्या खुर्च्या मामंजींकडे वळवल्या.

"विचारा," मी म्हटलं, आणि कप विसळायला आत गेले.