गेनूमामांच्या गावावरची धाड

संगणकाच्या खेळात लुटारू कमी यावेत म्हणून धडपडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ते जास्त यावेत म्हणून मागं लागलेला माणूस एकच, आमचे गेनूमामा.

दोन हजार सालानंतरच्या त्या चार-दोन वर्षांत आळेफाट्याला माझा कंप्युटरचा क्लास होता. मामा राजुरीचे, माझ्या आईचे धाकटे भाऊ. कांदा घेऊन फाट्यावर आले की पिशवी माझ्या टेबलाखाली सारायची आणि कोपऱ्यातल्या मशीनपुढं मांडी घालून बसायचं. खुर्चीवरच मांडी. चपला खाली जोडीनं, देवळाबाहेर काढाव्यात तशा.

खेळ गाव वसवायचा होता. शेतं करायची, कोठार बांधायचं, माणसं वाढवायची. मधूनच पडद्याच्या कोपऱ्यातून घोड्यावरचे लुटारू येत आणि धान्य लुटून नेत. ते किती वेळा यावेत, हे खेळ सुरू करतानाच ठरवता यायचं. एक पट्टी होती, तिच्यावर बटण. बटण डाव्या टोकाला नेलं की लुटारू येतच नाहीत, उजव्या टोकाला नेलं की थांबतच नाहीत. क्लासची पोरं ते डावीकडं ठेवून निवांत गाव वाढवायची. मामांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण पट्टीचं उजवं टोक बरोबर सापडायचं.

"मामा, अशानं गाव टिकायचं नाही," मी म्हणायचो.

"कुणी येनार न्हाई ते गाव काय चाटायचंय?"

"मग तट तरी बांधा."

"पावन्याच्या तोंडावर भित घालू व्हय रं?"

लुटारूंना ते पावणंच म्हणायचे. लांबून आलेल्यांना हेलपाटा नको म्हणून कोठार मुद्दाम रस्त्याला लागून बांधायचे. भालेवाले शिपाई वेशीवर ओळीनं उभे करायचे, लढायला नाही, स्वागताला. घोडे दिसले की क्लासभर आरोळी, "आलं रं आलं! पंगत धरा!" टायपिंग शिकणाऱ्या पोरी दचकून भलतंच छापून बसायच्या. धान्य निघालं की मामा खूश, "न्या, पोटभर न्या." घरं पेटली की मात्र चेहरा पडायचा. "खाऊनपिऊन हे आसं? लई झालं राव." मग पुन्हा नवं गाव आणि बटण पुन्हा उजव्या टोकाला.

त्यांच्या खऱ्या गावातही यापेक्षा वेगळं नव्हतं. जत्रेला कुणाच्या घरी किती पावणे जेवले, यावर तिथं पुढची जत्रा येईपर्यंत बोललं जातं. पंगत तोकडी वाटली तर मामा रस्त्यावर जाऊन माणसं धरून आणत. एकदा टायर फुटलेल्या ट्रकचे ड्रायव्हर-क्लीनर आणले. त्यांना मराठी येईना, मामांना हिंदी. "खाव, बैठके खाव," एवढ्या भाषेवर मामांनी त्यांना इतकं जेवू घातलं की उठताना दोघांना हात द्यावा लागला. विजेचा मीटर बघायला आलेला एक माणूस मामीच्या बेसनाच्या मासवड्या खाऊन गेला, तो पुढं बदली होईपर्यंत दर वर्षी नेमका जत्रेलाच मीटर बघायला येऊ लागला. मामी चुलीपुढून म्हणायची, "दुसऱ्यांचं धनी पत्ते कुटत्यात, आमचं मानसं धरत्यात. त्यातल्या त्यात बरं."

मग मामी गेली.

त्यानंतरच्या जत्रेला आम्ही नातेवाईक एकमेकांना एकच वाक्य सांगत होतो, मामा एकटे आहेत, उगाच त्यांना त्रास कशाला. मामांना कुणी विचारलं नाही. मी तर निरोप धाडला की क्लासच्या परीक्षा आहेत. परीक्षा नव्हत्या. त्या दिवशी मी घरी पंख्याखाली पडून होतो. मामीवाचूनचं ते घर बघायची छाती झाली नाही, हे बायकोलाही कधी बोललो नाही. आज लिहितो आहे.

दुसरी गोष्टही सांगून टाकतो. मामांच्या आरोळ्यांबद्दल एका पोरीच्या वडिलांनी तक्रार केली होती. मामांना तोंडावर सांगायचं माझ्याच्यानं होईना. जत्रा झाल्यावर ते पहिल्यांदा आले, तेव्हा खेळ मीच सुरू करून दिला आणि त्यांचं लक्ष चुकवून बटण डाव्या टोकाला नेलं.

क्लास शांत झाला. मामांचं गाव असं कधी वाढलं नव्हतं. कोठार भरलं, दुसरं बांधलं, तेही भरलं. शिपाई वेशीवर ओळीनं उभेच. मामा पडद्याच्या त्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघत राहिले. चहा मागवला होता, तो निवून गेला.

"आज जिंकलात की मामा!" शेजारची पोरगी म्हणाली.

मामांनी पायात चपला सरकवल्या. "जत्रंला आसंच झालं," ते मला म्हणाले. "मासवड्या मीच थापल्या. तुज्या मामीचंच फडकं वलं करून घेतलं. जरा फुटल्या, पन खान्याजोग्या व्हत्या." पिशवी उचलली. "लई येळ वेशीत हुबा व्हतो."

"मशीन बिघडलंय मामा," एवढंच मला सुचलं. "दुरुस्त करून ठेवतो."

मामा त्यानंतरही यायचे. बटण तेच उजव्या टोकाला न्यायचे, मी त्याला परत कधी हात लावला नाही आणि आरोळ्यांची तक्रार आली की ती माझ्या अंगावर घ्यायचो.

पुढच्या जत्रेला क्लास बंद ठेवला आणि सगळी बॅच दोन जीपमध्ये कोंबून राजुरीला नेली. मामा वेशीत उभे होते. धुरळा बघून त्यांनी डोळ्यांवर हात धरला. पुढच्या जीपमधल्या मला ओळखलं, मागची जीप दिसली, आणि मग ती आरोळी, "आलं रं आलं! पंगत धरा!" पंगत धरायला मागं कुणीच नव्हतं. पोरींनीच पत्रावळ्या मांडल्या.

मासवड्या त्याही वर्षी फुटल्या होत्या. रस्सा वाढत मामा माझ्यापाशी आले, वाकले, आणि हळूच म्हणाले, "ते बटन तूच सरकावलं व्हतंस ना?"

मी घास पानात ठेवला. "हो मामा. आणि त्या परीक्षाही नव्हत्या."

"ठावं हाय. जेव."

माझ्या पानात आणखी एक फुटकी मासवडी टाकून ते सरळ झाले आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं ओरडले, "पोटभर खा रं पोरांनो! फकस्त जाताना घरं पेटवू नका!"