न्हाऊमाखू घातलेली बदकं

दीप्तीनं खोकं स्वयंपाकघरात टेकवलं आणि सासूबाईंना, आक्काताईंना, बजावलं, "आई, ह्यांना हात लावू नका हं. साक्षीला पाजून मी आलेच."

खोक्यात नकट्या बदकाची सहा पिल्लं होती. आसपासच्या तळ्यांवरून हे बदक जवळजवळ दिसेनासंच झालेलं. म्हणून गडमुडशिंगीजवळच्या केंद्रात अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची आणि तळ्यात सोडायची, असं काम चाललं होतं. दीप्ती तिथंच नोकरीला. आज केंद्रातली लाईट गेली, इन्व्हर्टरनंही मान टाकली आणि ऊब मिळावी म्हणून पिल्लं तिच्याबरोबर घरी आली.

आक्काताईंनी खोक्यात डोकावून पाहिलं. आई नसलेली, कुडकुडणारी लेकरं! तान्ह्या नातीच्या अंघोळीचं पाणी तापलेलंच होतं, तेलाची वाटीही तयार होती. त्यांचे हात स्वस्थ बसेनात.

दीप्ती बाहेर आली तेव्हा सहाही पिल्लं साक्षीच्या लंगोटांत गुंडाळून ओळीनं निजवलेली होती आणि घरभर धुरीचा वास सुटला होता.

"आई, हे काय केलंत?"

"काय म्हंजे? तेल चोळलं, साबणानं खळखळून धुतलं, धुरी दिली. बघ की कशी गप झोपल्यात. तुझी लेक झोपती व्हय अशी कधी?"

"अहो, त्यांच्या अंगावर त्यांचं स्वतःचं तेल असतं. ते धुतलं गेलं की पिसांत पाणी शिरतं!"

"मग आपलं लावलं न्हवं का आदी!"

दुसऱ्या दिवशी केंद्रात लाईट आली आणि नेमके केंद्राचे प्रमुख विश्वजित साहेब पाहुण्यांना घेऊन आले.

"पिल्लं सोडा बघू पाण्यात."

"आज नको सर, जरा सर्दी झालीय."

"बदकांना?"

साहेबांनी स्वतःच एक पिल्लू टबात ठेवलं. त्यानं दोनदा पाय मारले आणि ते लिफ्टमध्ये बसल्यासारखं शांतपणे खाली गेलं. दीप्तीनं कोपरापर्यंत हात घालून त्याला वर काढलं.

"पाण्याखालनंच जाती का ही जात?" एका पाहुण्यानं कौतुकानं विचारलं.

साहेब मात्र हसले नाहीत. "पावसाळा संपायच्या आत तरंगली नाहीत, तर तळ्यात सोडायची नाहीत. पिंजऱ्यातच राहतील कायमची."

त्या दिवसापासून आक्काताई नातीला कडेवर घेऊन रोज टबापाशी हजर. "तरंगा की रं बाळांनो, माझं त्वांड काळं करू नगा." पिल्लं चोचीनं आपली पिसं विंचरत, पिसांना स्वतःचं तेल लावत हळूहळू सावरली. एक तरंगलं, मग दुसरं. गणपती उठले आणि सहाही तळ्यात गेली.

आता तळ्यावरच्या राखणदाराचा फोन वाजायला लागला.

"यल्लाप्पा, तरंगतायत ना?"

"तरंगत्यात, म्याडम."

जेवण झाल्यावर पुन्हा. "पाऊस लागलाय. भिजून जड तर नाही ना झाली?"

"म्याडम, बदकं हायती ती! भिजलोय मी. माझं इचारा की जरा!"

एका सकाळी मात्र यल्लाप्पाचाच फोन आला.

"म्याडम, बदकं काय तरंगंनात ओ आज."

"तरंगत नाहीत?" दीप्ती किंचाळली. आक्काताईंनी पदर तोंडाला लावला. "माझ्याच हातानं झालं गं!"

"किती बुडाली?" दीप्तीनं कसंबसं विचारलं.

"बुडत्यात कशाला? उडाय लागल्यात की! पार बाभळीच्या शेंड्यावरनं चाललीती. या बिगीबिगी!"

आक्काताईंनी डोळे पुसत साक्षीला उचललंसुद्धा. दीप्ती चपला शोधत फोनवर ओरडत होती, "यल्लाप्पा, फार उंच तर नाही ना गेली?"