कॉफीचा हर्रास

आमच्या शेजारच्या मच्छिंद्रनानांकडे कॉफी फुकट मिळते, पण चव सांगितल्याशिवाय उठता येत नाही. 'छान आहे' म्हणून सुटका होत नाही. "छान ही काय चव हाय का? काय लागलं ते बोला," म्हणत नाना दारात आडवे उभे राहतात.

नाना जन्मभर केजच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हर्रास म्हणजे लिलाव पुकारायचे. मोंढा सुटला, पुकारणं सुटलं नाही. सकाळी ओट्यावर तीन-चार माणसं धरून आणायची, प्रत्येकाच्या हातात फुलपात्र द्यायचं आणि सुरू व्हायचं: "सलीमभाई चिंचेवर आले. चिंचेच्या वर कोन हाय? चिंच एक बार, चिंच दोन बार..." मी शाळामास्तर, त्यामुळे माझ्याकडून जरा वरच्या बोलीची अपेक्षा असते. एकदा मी कैरीच्या पन्ह्यावर गेलो, तर नाना दिवसभर खुशीत होते.

ही कॉफी साधीसुधी नव्हे. नानांची एकुलती एक लेक सुवर्णा धारवाडला शेतकी शिकायला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून चिकमगळूरकडच्या डोंगरात राहिली. त्यांचा घरचा एवढासा मळा. सासू-सासऱ्यांसकट सगळे फळं तोडतात, गर धुऊन काढतात, बिया वाळवतात आणि सुवर्णा त्या भाजते, तेही अगदी हलक्या. दुसऱ्या मळ्याचा एक दाणा त्यात नसतो. 'धुतलेली कॉफी' ऐकून आमच्या बायकोला वाटलं, रंग धुण्यातच गेला असणार. तिचंही चुकलं नाही, फुलपात्राचा तळ दिसत होता. त्यात दूध नाही, साखर नाही. चहात हात सैल सोडून साखर घालणाऱ्या आमच्या गल्लीला हे औषधच वाटलं.

हळूहळू लोक नानांना टाळायला लागले. कोपऱ्यावरचे गॅरेजवाले सलीमभाई नाना दिसले की दुरुस्त झालेल्या जीपखालीही शिरतात. आमची बायको मागच्या दाराने बाजारात जाते. मी मात्र जात राहिलो, कारण मला एका गोष्टीचं कुतूहल होतं. नाना स्वतः कधी चव सांगत नसत. मूठभर तूर नाकाशी धरून पोतं कुठं ओल धरून आहे ते सांगणारा हा माणूस, आणि लेकीच्या कॉफीबद्दल चकार शब्द नाही. एकदा विचारलं, तर म्हणाले, "पुकारनारानं बोली लावायची नसती, सर."

मला ते पटलंही होतं.

परवाच्या रविवारी गेलो, तर घरभर करपलेल्या दुधाचा वास. दह्यासाठी ठेवलेलं दूध जळून पातेलं काळं झालेलं आणि दोन हातांवर नाना पाठमोरे बसून निवांत कॉफी दळत होते. मी धावत जाऊन गॅस बंद केला. नानांनी वळून पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्या करोनात नाक गेलं, सर. चव बी गेली. परत आलीच न्हाई."

डॉक्टरांनी येईल म्हणून सांगितलं होतं, त्यालाही आता वर्षं झाली. सुवर्णाला पत्ता नव्हता. ती दर रविवारी फोन करायची आणि नाना सांगतील तशी पुढची भाजणी कमी-जास्त करायची. ओट्यावर जी बोली वर जाईल, तीच नाना आपली म्हणून तिला सांगत आले होते.

"तिला वाटतं, बापाचं नाक म्हंजे लई मोठं," गरम कॉफीचं फुलपात्र माझ्यापुढे ठेवत नाना म्हणाले. "खरं सांगितलं तर इचारायचं सोडंल. मग आमी दोघं बोलावं तरी काय?"

तेवढ्यात फोन वाजला. कमी ऐकू येतं म्हणून नाना स्पीकर लावतात.

"नाना, काय लागलं ह्या खेपेला?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. सगळा मोंढा दणाणून सोडणारा माणूस इतका केविलवाणा झालेला मला बघवेना. मी समोरची कॉफी घाईघाईने तोंडात ओतली. जीभ भाजली, तोंडातून 'स्स' निघालं, पण लिंबाची काहीतरी झाक लागली. मी हवेत लिंबू पिळून दाखवलं. नानांनी निरखून पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "म्हशीच्या धारेवानी लागली."



"नाना," सुवर्णा म्हणाली, "शेजारी जे कोन बसलेत, त्यांना म्हनावं जरा निवू द्या. गरम गरम चव लागत न्हाई."

नानांनी स्पीकर बंद केला, फोन कानाशी घट्ट धरला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"कवापासून ठाऊक हाय तुला?"

ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. नाना उपरण्याने डोळे पुसत होते. 

"मग इचारतीस कावून?"

आता ती बराच वेळ बोलत होती. नाना नुसतं 'हं, हं' करत होते. मी जळक्या पातेल्यात पाणी ओतून ते उगाच हलवत बसलो.

"बरं," शेवटी नाना म्हणाले, "पुढल्या रविवारी बी इचार."