सेवकाचा हुद्दा

आमच्या शेजारचे गभणे भाऊ सकाळी कुत्र्याला फिरवायला काढतात तेव्हा फाटकातून आधी ते बाहेर पडतात आणि मागून कुत्रा. निदान तसा नियम आहे. हा नियम पाळण्यासाठी त्यांना ओट्यापासून फाटकापर्यंत धावावं लागतं. कुत्र्याला हा खेळ फार आवडतो, म्हणून तोही धावतो. त्याला चार पाय आहेत आणि भाऊ साठीला आलेले. त्यामुळे निकाल बहुधा ठरलेला असतो. मग भाऊ त्याला हाका मारून अंगणात परत आणतात, फाटक लावतात, दम खातात, आणि सगळी मिरवणूक पुन्हा पहिल्यापासून निघते.

"वहिनी, कुत्र्याले हुद्दा समजते," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आम्ही नुकतेच कारध्याला राहायला आलो होतो आणि मी कुंपणापाशी दोरीवर कपडे वाळत घालत होते. "कुत्रा म्हंजे कोण? लांडग्याचा पुतण्या. त्याच्या खानदानात एक मुखिया असते, बाकी सारे त्याच्या मागं. तुमी मुखिया झाले नाई तं तो होते. एका घरात सरपंच एकच असते."

मी म्हटलं, "बरोबर आहे."

"तुमच्या घरी कोण आहे सरपंच?"

आमच्या घरी कुत्रा नव्हता. तरी मी थोडा वेळ विचारात पडले.

भाऊंनी कुत्र्याचं नाव सेवक ठेवलं होतं. नावातच हुद्दा सांगून टाकला की पुढे वाद नको. सेवक पिवळसर रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला, असा साधा गावठी कुत्रा. भंडाऱ्याला गभण्यांचं भांड्यांचं मोठं दुकान आहे. त्याच्या पायरीवर पावसात भिजत बसलेलं हे पिल्लू भाऊंनी डब्याच्या पिशवीत घालून पुलापलीकडून घरी आणलं होतं. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून पाहून त्याला वळण लावायचं शास्त्र त्यांनी आत्मसात केलं. शास्त्राचे नियम पुष्कळ होते. कुत्र्याला खाटेवर बसू द्यायचं नाही. त्याच्याकडे आपण होऊन पाहायचं नाही, आधी त्यानं पाहिलं पाहिजे. आणि मालकाचं जेवण झाल्याशिवाय त्याला वाढायचं नाही.

या शेवटच्या नियमाची झळ आम्हाला लागली. भाऊ दुकानातून जेवून यायचे. घरी आल्यावर सेवकासाठी भात कालवायचे, आणि मग त्यांच्या लक्षात यायचं, की आपण जेवलो हे सेवकाला माहीतच नाही. मग कुंपणावरून हाक यायची.

"वहिनी, पोयीचा तुकडा असंन तं द्या जी. तो पाहून राहिला."

मी पोळी द्यायची. कुंपणाशी उभं राहून भाऊ ती सावकाश, सेवकाला नीट दिसेल अशी खायचे. सेवक शेपूट हलवत त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसायचा. शेवटचा घास दर वेळी त्याच्याच तोंडात जायचा. "हे बक्षीस आहे," भाऊ सांगायचे. "हे जेवणात धरत नाई."

आणखी एक नियम होता. कुत्रा वाटेत झोपला असला तर आपण वळसा घालून जायचं नाही, त्यानं उठलं पाहिजे. सेवकाची आवडती जागा म्हणजे घराचा उंबरठा. भाऊ त्याच्यापुढे येऊन उभे राहायचे. सेवक एक डोळा उघडायचा, मिटायचा. भाऊ खाकरायचे. पायानं जमिनीवर हलकेच थाप मारायचे. बऱ्याच वेळानं माझ्याकडे वळून म्हणायचे, "आत तसं काई काम नव्हतं म्हणा."

या माणसाच्या आयुष्यात सरपंचकी कधीच आली नव्हती, हे मला हळूहळू कळलं. पाच भावांत ते सगळ्यांत धाकटे. वडील गेल्यावर थोरल्या दादांनी दुकान सांभाळलं, आणि आजही गल्ल्यावर तेच बसतात. भाऊ मागच्या खोलीत बसून लग्नाच्या भांड्यांवर मशीननं नावं घालायचे. चार भावांची लग्नं झाली. पाचव्याच्या वेळी कधी घराचं बांधकाम निघालं, कधी बहिणीचं बाळंतपण. दादा म्हणत राहिले, "पाहू पुढच्या वर्षी." मग ते म्हणायचेही थांबले. नदीपलीकडच्या या दोन खोल्या रिकाम्या होत्या, तिथे राखणीला म्हणून भाऊंना धाडलं, आणि ते इथलेच झाले. भाच्या-पुतण्यांना मुलं झाली तरी दादा त्यांना 'लहान्या' म्हणूनच हाक मारतात. दादांच्या समोर खुर्चीवर बसलेले भाऊ मी कधी पाहिले नाहीत.

यंदा धानाची कापणी आटोपली आणि सेवक बिघडला. म्हणजे असं, की भाऊ त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेले की तो गुरगुरायचा. पट्टा घालायला गेले की मागे सरकायचा. फाटकाकडे धावणंही त्यानं सोडलं. भाऊ एकटेच आधी बाहेर पडायचे आणि मागे वळून पाहायचे.

मी म्हटलं, "काही दुखत असेल त्याला."

"वहिनी, तुमी साध्या आहा. हे राजकारण आहे. त्याले खुर्ची पायजे."

त्यांनी पुन्हा व्हिडिओ पाहिले. एका व्हिडिओत सांगितलं होतं, की असं बंड झालं तर कुत्र्याला उताणा पाडून दाबून धरायचं, तो शरण येईपर्यंत सोडायचं नाही. माझ्या नवऱ्यानं त्यांना स्पष्ट सांगितलं, "भाऊ, हे काही करू नका." भाऊंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते केलं.

मी चहा गाळत होते. आधी सेवकाचं गुरगुरणं ऐकू आलं, मग एक किंकाळी. ती कुत्र्याची होती. त्यामागून लगेच दुसरी आली, ती भाऊंची. धावत गेलो तर भाऊ अंगणात बसलेले, उजव्या हाताचा अंगठ्याजवळचा भाग फाटलेला, आणि सेवक पाण्याच्या टाकीमागे अंग चोरून थरथरत होता. माझ्या नवऱ्यानं भाऊंचा हात नळाखाली धरला, साबणानं चांगला धुतला आणि त्यांना गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. तिथे जे घडलं ते त्यानंच मला नंतर सांगितलं.

नर्सबाईंनी विचारलं, "काय चावलं?"

"पत्रा लागला," भाऊ म्हणाले. मग माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "सेवक."

नर्सबाई लिहायच्या थांबल्या. "माणूस चावला?"

"नाई जी. कुत्रा आहे. सेवक नाव आहे त्याचं."

"पाळलेला आहे का?"

भाऊंनी जरा विचार केला. "तसं म्हणता येईन."

त्यांना इंजेक्शन दिलं, पुढची कधी घ्यायची ते सांगितलं. संध्याकाळी माझा नवरा म्हणाला, आता सेवकालाही डॉक्टरला दाखवू. भाऊंनी आतून चादर आणली. माझ्या नवऱ्यानं रिक्षा आणली, सेवकाला चादरीत गुंडाळून उचललं आणि आम्ही तिघंही निघालो. आधी कोण चढणार हा प्रश्न त्या दिवशी निघाला नाही.

जनावरांच्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी सेवकाच्या तोंडाला कापडी पट्टी बांधली आणि पडलेला कान उचलून बॅटरीचा उजेड टाकला. कान आतून लालभडक झाला होता, पू झाला होता. चिमट्यानं त्यांनी आतून एक कुसळ बाहेर काढलं. कापणीच्या दिवसांत शेताच्या बांधावरून फिरताना ते शिरलं असावं. एवढं बारीक कुसळ. भाऊ ते बराच वेळ पाहत राहिले.

"किती दिवसांपासून गुरगुरतोय?" बाईंनी विचारलं.

"बहुत दिवस झाले. मले वाटलं माजला."

"काका, गुरगुरला म्हणजे तो सांगत होता, हात लावू नका, दुखतं. त्याबद्दल त्याला शिक्षा केली, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. सरळ चावेल."

भाऊंनी आपलं सगळं शास्त्र त्यांच्यापुढे मांडलं. लांडगा, मुखिया, हुद्दा. बाईंनी कान साफ करता करता सगळं ऐकून घेतलं.

"सरपंचाकडे लोक कशाला येतात, काका?"

"गाऱ्हानं घेऊन."

"मग तेच घेऊन आला होता तो तुमच्याकडे."

परतताना पुलावर रिक्षा गर्दीत अडकली. सेवक भाऊंच्या पायांवर पडून होता आणि त्यांनी पट्टी बांधलेला हात त्याला लागू नये म्हणून वर उचलून धरला होता.

हाताला पट्टी म्हणजे मशीन बंद. दुकानात ही गोष्ट लपणं शक्यच नव्हतं. रविवारी दुकानाचा टेम्पो आमच्या गल्लीत येऊन उभा राहिला. ड्रायव्हरच्या शेजारी दादा बसले होते. पांढरेशुभ्र कपडे, हातात काठी. गल्लीतली माणसं आपापल्या कुंपणाशी काही ना काही काम काढून उभी राहिली. मीही पुन्हा कपडे वाळत घालायला घेतले.

"लहान्या," दादांनी अंगणात उभं राहूनच सांगितलं, "त्याले घाल टेम्पोत. तिकडं नाकाडोंगरीच्या जंगलाकडं सोडून येते हा ड्रायव्हर."

भाऊ आत गेले. आम्हाला वाटलं, साखळी आणायला गेले. ते खुर्ची आणि पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आले. खुर्ची दादांसाठी मांडली, पाणी दिलं. दादा बसले, पाणी प्यायले. मग भाऊ म्हणाले,

"दादा, तो नाई जात."

"म्हंजे? चढत नाई का टेम्पोत?"

"नाई जी. मी धाडत नाई त्याले."

दादांनी गडवा खाली ठेवला. "अरे, तुले चावला तो!"

"मीच त्याले दाबलं होतं, दादा. त्याचा कान ठणकून राहिला होता, अन् मी त्याले उताना पाडलं. माया दुखता कान कोनी दाबला असता, तं मीबी चावलो असतो."

"कुत्र्यासाठी तू मले उलटून बोलून राहिला?"

भाऊंच्या मानेवरून घाम उतरत होता. "उलटून नाई बोलत जी. सांगून राहिलो."

दादा उठले. खुर्ची मागे सरकली आणि कलंडली. "मंग दुकानात येऊ नको. इथंच बस त्याले घेऊन."

"बरं," भाऊ म्हणाले.

टेम्पो मागे घ्यायला ड्रायव्हरला वेळ लागला, कारण गल्ली अरुंद आहे. तेवढा सगळा वेळ भाऊ ताठ उभे होते. टेम्पो पुलाच्या रस्त्याला लागल्यावर ते ओट्याच्या पायरीवर बसले, खरं म्हणजे कोसळलेच.

"वहिनी, पानी द्या जी थोडं."

ते पाणी पीत असताना सेवक टाकीमागून बाहेर आला, आणि त्यांच्यापासून थोडा दूर बसला. दोघांपैकी कोणीच कोणाकडे आपण होऊन पाहिलं नाही.

पुढचे काही दिवस भाऊ घरीच होते. दुकानात जायची वेळ झाली की ते कपडे घालून तयार व्हायचे आणि ओट्यावर येऊन बसायचे. मधूनमधून खिशातून मोबाइल काढून पाहायचे. आता ते व्हिडिओ पाहत नसत, नुसतं चालू आहे की नाही ते बघत आणि पुन्हा ठेवत. माझ्या नवऱ्यानं एकदा विचारलं, "दादांचा फोन आला होता का?" तर म्हणाले, "नाई. धंद्याचे दिवस आहेत जी. लग्नसराई हाय समोर."

सेवकाच्या कानात रोज औषधाचे थेंब टाकायचे होते. एका हातानं ते जमेना, म्हणून शाळेत शिकवून आल्यावर मी जायची. भाऊ ओट्यावर मांडी घालून बसायचे, सेवकाचं डोकं मांडीवर घ्यायचे, आणि मी बाटली उघडली की त्याच्या तोंडाशी वाकून हळूच सांगायचे, "दुखलं तं गुरकाव, बापा. गुरकाव बिनधास्त. मी हाय इथं." पहिले दोन दिवस तो खरंच गुरगुरला. आम्ही थांबलो, त्याला वेळ दिला, मग थेंब टाकले. नंतर तो नुसता डोळे मिटून घ्यायचा.

काल थेंब टाकून झाले आणि सेवक तसाच मांडीवर झोपी गेला. घोरूही लागला. भाऊंचा पाय अवघडला असणार, पण ते हलले नाहीत. मी बाटलीचं झाकण लावत होते, तेवढ्यात आत मोबाइल वाजला. तो चार्जिंगला लावलेला होता. भाऊंची मान झटक्यात दाराकडे वळली. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच वाजला होता. ते उठणार असं वाटलं. मग त्यांनी मांडीवरच्या डोक्याकडे पाहिलं.

"वहिनी, तुमी उचला जी. दादा असले तं सांगा, कामात हाय म्हणून."

मी आत गेले. दादाच होते.

"लहान्या कुठं आहे?"

"कामात आहेत," मी म्हटलं.

पलीकडे नुसता भांड्यांचा खणखणाट ऐकू येत होता. मला वाटलं, दादा फोन बाजूला ठेवून गेले. मग दादांनी घसा साफ केला.

"हात कसा आहे त्याचा?"

मी दारातून बाहेर पाहिलं. पट्टीचा हात सेवकाच्या पाठीवर होता. दुसरा हात हवेत वरखाली करत भाऊ मला काकुळतीनं खुणावत होते, की हळू बोला, तो झोपला आहे.