वामनरावांचे व्हिएतनामी शब्द

कोणी खोटं बोललं की वामनराव कोंडावार त्याच्यावर व्हिएतनामीत ओरडायचे. "वोंग न्गू!" म्हणजे असत्य भाषण. आदिलाबादच्या आमच्या कचेरीत मराठी, तेलुगू आणि निजामाच्या वेळची उर्दू एकाच फायलीत नांदायच्या. ही चौथी भाषा वामनरावांनी एकट्यानं आणली.

बायकोचं, सुशीलेचं, पिंडदान करायला ते गयेला गेले होते. तिथं तापानं पडले आणि बोधगयेच्या एका व्हिएतनामी विहारात बरेच दिवस राहिले. एका म्हाताऱ्या भिक्खुणीनं मोडक्या हिंदीत त्यांना पंचशील समजावलं. झोय म्हणजे शील. फा झोय म्हणजे शील मोडणं. साम होय म्हणजे झाल्या चुकीचा पश्चात्ताप. परतल्यावर चिरीमिरी घेणाऱ्याला 'फा झोय', पिऊन येणाऱ्याला 'फा झोय', डास मारला तरी 'फा झोय'! शिपाई त्यांना मागून झोयसाहेब म्हणायचा. मारुतीचा शनिवार मात्र त्यांनी कधी चुकवला नाही.

मग जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि कचेरीत रोगराई पसरली. नव्या मंचेरियल जिल्ह्यात बदली नको म्हणून धडधाकट माणसांना दमा झाला, ठणठणीत आया अंथरुणाला खिळल्या. एकाचे वडील केव्हाच वारले होते, तेही आजारी पडले. माझी निवृत्ती तोंडावर होती, त्यामुळे मी नुसता बघत होतो.

वामनरावांना तर साहेबांनीच वाट दाखवली. "कोंडावार, तुमची पत्नी आजारी असते ना?"

"नाही साहेब. ती वारली. घरी कोणी नाही."

लगेच हुकूम निघाला. ज्यांच्या आया अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांनीच वामनरावांना निरोपाचा हार घातला. एक जण तर म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं राह्यली नाहीत आता." वोंग न्गू कोणी ओरडलं नाही.

बसस्टँडवर मी एकटाच पोचवायला गेलो. राहवलं नाही म्हणून विचारलं, "वामनराव, एक डाव खोटं बोलायला काऊन जीभ रेटली नाही तुमची?"

"लई बोललो ना बापा," ते म्हणाले. "सुशीला रोज विचारायची, डॉक्टर काय म्हणते? मी सांगायचो, बरी होऊन राह्यली तू. तिनं दिवाळीसाठी साडीसुद्धा निवडून ठेवली होती."

बस लागली. ट्रंक वर चढवून ते खिडकीशी बसले आणि डोळे मिटून पुटपुटू लागले, "साम होय... साम होय..."

"मराठीत म्हणा ना," मी म्हणालो. "इथं कोण ऐकून राह्यलं?"

त्यांनी डोळे उघडले आणि खिडकीतून वाकून आवाज अगदी खाली आणला.

"मराठीत कसं म्हणू? सुशीलेला समजंल ना, मी खोटं सांगत होतो म्हणून."