पळसवेलीची सुनावणी

ओळख पटवण्यासाठी कचेरीत स्वतः हजर राहावे, अशी नोटीस पळसवेलीला आली, तेव्हा मथुराबाई रेवाळ्यांनी तिला आंघोळ घातली, मुळांना ओले गोणपाट गुंडाळले आणि एसटीने तालुक्याला नेले. कंडक्टरने वेलीला खिडकीची जागा दिली. ओळख न पटलेल्या वेली उपटल्या जातील, असे नोटिशीत होते. ही वेल मथुराबाईंच्या लेकीने, इंदूने, रानातून आणलेल्या एका चपट्या शेंगेतून रुजवली होती. तिला पहिले फूल आले त्याच्या आदल्या वर्षी इंदू गेली. आता मथुराबाईंकडे उपटून नेण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते.

भाद्रपद होता. वेल बाकावर मुकाट बसली. कारकून धुमाळ यांनी तिची पाने पाहिली. एका देठाला तीन. मग त्यांनी फुले मागितली. फुले माघात येतात, असे कळल्यावर माघातली तारीख दिली.

माघात वेल अंगभर केशरी फुले लेवून गेली. धुमाळांना फुले पसंत पडली. मग त्यांनी पाने मागितली. पाने गळल्याशिवाय ही फुलत नाही, हे मथुराबाईंनी परोपरीने सांगितले. धुमाळ माणूस म्हणून वाईट नव्हते. वाईट असते तर परवडले असते. त्यांनी दोन्ही पंचनामे शेजारी ठेवून शांतपणे विचार केला.

"बाई, पानांची आली ती एक, फुलांची आली ती दुसरी. तुमच्या नावावर वेल एकच आहे. कोणती ठेवता?"

वरच्या साहेबांकडे जाण्यात अर्थ नव्हता. कुठल्याही कचेरीत जा, पळसाला पाने तीनच.

"फुलांची ठेवा," मथुराबाई म्हणाल्या. "लेकीला फुलंच बघायची होती."

चैत्रात फुले गळाली आणि गाठीगाठीला पोपटी पालवी फुटली. ती दुसऱ्या वेलीची, म्हणजे बेकायदा. शिपाई येऊन बुंधाच तोडील, या धास्तीने मथुराबाई रोज सकाळी एकेक कोंब स्वतःच्या हाताने खुडू लागल्या. खुडताना रडत, धुमाळांना शिव्या घालत, पण एकही कोंब सोडत नसत. आषाढापर्यंत वेल कोंब देत राहिली. मग थांबली.

पुढच्या माघात धुमाळ तपासणीला घरी आले. वाळलेल्या वेलीवर एकही पान नाही, हे त्यांनी चारी बाजूंनी पाहिले. फुले गेल्या वर्षी पाहिलेलीच होती.

"आता काही शंका नाही," म्हणत त्यांनी शिक्क्याचा दाखला दिला.

मथुराबाईंनी तो मांडवाला बांधला आणि बुडाशी तांब्याभर पाणी ओतले.