साखरेशिवाय कॅरमेल फ्रॅपे

रिपोर्टमध्ये साखर वाढलेली निघाली आणि मितालीच्या सासूबाईंची शनिवारची कॉफी बंद झाली.

ही कॉफी म्हणजे घरातली कपभर कॉफी नव्हे, तर बर्फ घालून घुसळलेली थंडगार, गोड कॉफी. दर शनिवारी दुपारी सासू-सून करंजाड्याहून रिक्षा करून पनवेलला एका कॉफी शॉपमध्ये जायच्या. तिथे सासूबाई, वय वर्षं सहासष्ट, काउंटरवर स्वतः पुढे होऊन सांगायच्या, "एक कॅरमेल फ्रॅपे. वर क्रीम जास्त." घरात विचारल्याशिवाय न बोलणाऱ्या सासूबाई तिथे तासभर बोलत. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर मितालीची सासूशी खरी ओळख झाली ती त्या टेबलावर.

डॉक्टर म्हणाले, "गोड बंद." तेव्हापासून सासूबाई शनिवारी दुपारी झोपायला लागल्या.

"असू दे गं. इतकी वर्षं प्यायले नव्हते, तेव्हा काय अडलं होतं?" असं म्हणायच्या, पण भिंतीकडे तोंड करून.

तिसऱ्या शनिवारी मितालीला ते बघवेना. तिने मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला. जिमच्या कपड्यांतली एक बाई हसत सांगत होती, साखर नको, साधं दूध नको, बदामाचं दूध घ्या, भरपूर क्रीम घ्या, पाच मिनिटांत कॉफी शॉपची चव घरी! मितालीने सगळं सामान मांडलं आणि क्रीम मिक्सरमध्ये घातलं. घट्ट होईपर्यंत फिरवा, असं बाई म्हणाली होती. किती घट्ट, ते म्हणाली नव्हती. मितालीने फिरवलं, पाहिलं, पुन्हा फिरवलं, आणि मनासारखं होईना म्हणून आणखी दोन मिनिटं फिरवलं.

"अगं, थांब! लोणी आलं त्याचं!"

मिक्सरच्या आवाजाने सासूबाई उठून दारात उभ्या होत्या. त्यांनी बाह्या सावरल्या, लोणी गार पाण्यात दोनदा धुतलं, गोळा करून वाटीत ठेवला आणि विचारलं, "हे कशासाठी चाललं होतं?"

मितालीने सांगितलं. सासूबाई परत झोपायला गेल्या नाहीत.

क्रीम संपलं होतं. आता कॉफी दाट कशी होणार? व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, चिमूटभर इसबगोल घाला. इसबगोल घरात होतं. चिमटीने काय होणार, असं वाटून मितालीने दोन मोठे चमचे घातले, बर्फ घालून फिरवलं आणि कॉफी दोन उंच ग्लासांत ओतली. "आलेच हं," म्हणून सासूबाई आत गेल्या आणि चक्क गाऊन बदलून साडी नेसून, पावडर लावून आल्या. यात गेली पंधरा मिनिटं.

त्यांनी स्ट्रॉ तोंडात धरला. गाल आत गेले, डोळे मोठे झाले, पण कॉफी काही हलेना. म्हणून त्यांनी स्ट्रॉ उचलला, तर त्याच्याबरोबर अख्खी कॉफी, ग्लासाच्या आकाराची, लदलद हलत वर आली.

"मिताली, ही प्यायची की कापायची?"

दोघी हसत सुटल्या. तेवढ्यात मितालीचा नवरा स्वानंद बाहेरून आला. "अरे वा, पुडिंग!" म्हणत त्याने चमचा घेतला आणि उभ्या उभ्या दोन्ही ग्लास साफ केले. मिताली इसबगोलचं सांगायला गेली, तर सासूबाईंनी तिचा हात दाबला.

"खाऊ दे. उद्या रविवार आहे, घरीच असेल तो."

तिसरा प्रयत्न एकदाचा पिण्याजोगा झाला. नुसती कॉफी, बदामाचं दूध आणि बर्फ. सासूबाईंनी दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "छान झालीय."

"आई, खरं सांगा."

"खरं सांगू? मला तिथली पण आवडायची नाही. केवढी गोड! दात शिवशिवायचे माझे."

मितालीने विचारलं, "मग दर शनिवारी पीत का होतात?"

सासूबाई ग्लासावरचं पाणी बोटाने पुसत राहिल्या. "ती काउंटरवरची मुलगी नाव विचारायची ना. कपावर लिहायची आणि मग सगळ्यांसमोर मोठ्याने हाक मारायची, शांती! म्हणून." त्या जरा लाजल्या. "माझे आईबाबा गेले. तुझे सासरे जन्मभर 'ऐकलं का' म्हणत राहिले, तेही गेले. आता मी आई, काकू, मामी. नुसतं शांती म्हणणारं कुणी उरलं नाही बघ."

मिताली स्वयंपाकघरात गेली, नवी कॉफी केली, कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहून ती ग्लासाला चिकटवली आणि ओट्यापाशी उभी राहून खणखणीत ओरडली,

"शांतीऽऽ! तुमची कॉफी!"

"आलेऽऽ!" सासूबाई पदर सारखा करत उठल्या.

आणि दाराची बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मिताली, मघापासून मिक्सर ऐकतेय, ते ठीक. पण सासूला नावाने हाक? अगं, सगळ्या मजल्याला ऐकू गेलं!"

"मलाच हवी होती ती हाक," सासूबाई म्हणाल्या आणि हाताला धरून काकूंना सोफ्यावर बसवलं. मग सगळं सांगितलं.

"तुम्ही घेणार ना कॉफी?" मितालीने विचारलं.

"नको बाई, मला ॲसिडिटी होते." काकू जरा पुढे सरकल्या. "पण म्हणजे, नाव विचारतात होय तिथे?"

मितालीने पेन उघडलं. "नाव काय तुमचं?"

"कुठलं? सासरचं की माहेरचं?"

"तुम्हाला आवडतं ते."

काकूंनी दाराकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "चारुता."

मितालीने नाव लिहिलं, ग्लास भरला आणि ओट्यापाशी जाऊन पहिल्यापेक्षाही मोठ्याने हाक मारली,

"चारुताऽऽ!"

काकू वळून दाराकडे बघू लागल्या, कोण आलंय म्हणून.